सुषमा नसल्याचं प्रतिज्ञापत्र

प्रेमकथा म्हणजे सत्याची उपासना, असं सतीश भालेराव यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी कॉलेजच्या वार्षिक अंकात चौकटीत छापून आणलं होतं आणि दाढी करताना आरशातल्या इसमालाही अधूनमधून ऐकवलं होतं. अकरा वर्षांत त्यांनी सात प्रेमकादंबऱ्या लिहिल्या, त्यांत नऊ नायिका आणि चार नायक मारले. यातल्या कुठल्याही प्रेमाशी त्यांचा स्वतःचा काडीचा संबंध आला नव्हता. त्यांचं लग्न पंचवीस मिनिटांत ठरलं होतं, कारण सव्विसाव्या मिनिटाला शिरूरची एसटी होती.

नोकरीनं ते शिरूरच्या एका कॉलेजात ग्रंथालय सहायक. त्यामुळे वाचकांची आवड त्यांना आतून ठाऊक होती. पुस्तक परत आलं की ते पानं उजेडात धरून बघत. पहिल्या भेटीच्या पानावर चहाचा डाग, भांडणाच्या पानावर तेलाचं बोट, आणि निसर्गवर्णनाची पानं छापखान्यातून आली तशी कोरी. म्हणून त्यांनी निसर्ग सोडला. विरहाच्या पानांवरही डाग नसत. यावरून, विरह वाचताना वाचकाला अन्न गोड लागत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

"वाचक तिथपर्यंत पोचतच नसेल," करुणाताई म्हणाल्या. करुणाताई म्हणजे त्यांच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. चौथीच्या पोरांचे निबंध तपासून तपासून त्यांचा साहित्यावरचा विश्वास उडाला होता.

आठवी कादंबरी सतीशरावांनी मोबाइलवर वाचायच्या एका ॲपवर सुरू केली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक भाग. पहिल्या दहा भागांना मिळून एकेचाळीस वाचक लाभले. त्यांतले सहा जण 'छान' एवढंच लिहीत आणि एक जण रोज सकाळी फुलांचं चित्र टाकून शुभ सकाळ म्हणे. सतीशराव उदास झाले. तसे ते मुळात उदासच असत, पण आता त्याला आकडेवारीचा आधार मिळाला.

अशा वेळी त्यांना घरातच प्रेमकथा सापडली.

थोरल्या भावाचा मुलगा सम्राट त्यांच्याकडे राहायला होता. भाऊ ज्ञानदेव निमोण्याला शेती बघत, आणि सम्राट शिरूरहून रांजणगावच्या एका कंपनीत कामाला जाई. कंपनीत रक्तदान शिबिर झालं. दौंडच्या रक्तपेढीची तेजश्री ओहोळ नावाची मुलगी आली होती. तिनं सम्राटला तीनदा सुई टोचली, तरी शीर सापडेना. चौथ्या वेळी सम्राट म्हणाला, "तुम्ही शोधा निवांत, मला काय घाई नाही." इथून जे सुरू झालं ते सगळं सम्राट रोज जेवताना काकूला सांगे. काका खाली मान घालून भाकरी कुस्करत बसत. घरच्यांना वाटे, त्यांचं लक्ष नाही.

त्यांचं इतकं लक्ष होतं की बाराव्या भागात तीन सुया, शिबिर, सम्राटची निळी मोटरसायकल आणि तिच्या हँडलला बांधलेला तेजश्रीचा रुमाल सगळं जसंच्या तसं उतरलं. ओळख पटू नये म्हणून त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती. सम्राटचा पृथ्वीराज केला, तेजश्रीची राजश्री केली आणि दौंडला 'भीमेकाठचं एक मोठं जंक्शन' म्हटलं.

वाचक वाढले, पण थोडेच. मग एका शुक्रवारी त्यांनी शीर्षकाखाली चार शब्द जोडले : 'एका सत्य घटनेवर आधारित'. दोन आठवड्यांत वाचक चार हजारांवर गेले! सत्याच्या उपासनेला इतकं रोख फळ येतं, हे त्यांना अकरा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

पण चार हजार माणसांना नुसतं सत्य पुरत नाही. बारामतीच्या एका बाईंनी लिहिलं, 'दोघांचं जमलंय, आता पुढं काय? कुणीतरी मध्ये यायला पाहिजे.' खाली तीनशे जणींनी अंगठे दाखवले. सम्राट आणि तेजश्रीच्या मध्ये कुणी येत नव्हतं, हा त्या सत्य घटनेचा मोठाच दोष होता. तेव्हा एकतिसाव्या भागात सतीशरावांनी सुषमा आणली. निमोण्याची, मोठ्या डोळ्यांची, बापाविना वाढलेली. पृथ्वीराजनं तिला हुरड्याच्या दिवसांत चिंचेखाली वचन दिलं होतं आणि रांजणगावला नोकरी लागल्यावर तो ते विसरला होता. सुषमा अजून रोज संध्याकाळी त्या चिंचेखाली जाऊन बसते, इथं भाग संपला.

महाराष्ट्र हळहळला. निदान चार हजारांपुरता.

पुढच्या सहाएक आठवड्यांत खऱ्या गोष्टीतही प्रगती झाली. तेजश्रीच्या घरचे राजी झाले होते. वडील मारुतराव ओहोळ रेल्वेतून निवृत्त झालेले, आई सरूबाई. येत्या रविवारी दौंडला सुपारी फोडायची आणि विहारातल्या लग्नाची तारीख धरायची, इथवर बोलणं आलं होतं. ज्ञानदेवांनी निमोण्याहून निरोप धाडला होता : तुम्ही शिकलेले आहात, बोलणी तुम्हीच करा.

बुधवारी मारुतरावांचा फोन आला.

"जयभीम पावणं. जरा रविवारचं थांबू."

"जयभीम. का हो, तब्येत वगैरे?"

"तब्येत झकास हाय. पर ते सुषमाचं आधी मिटवा. मग बघू."

 सतीशरावांच्या मनात पहिली जी भावना आली ती सांगायला लाज वाटते, पण ती अशी होती की, दौंडलाही आपला वाचक आहे तर! भीती दुसऱ्या क्रमांकावर आली.

"कोण सुषमा?" करुणाताईंनी विचारलं. त्या शेजारीच वाटाणे सोलत होत्या.

"पात्र आहे."

"कुणाच्या घरचं?"

सतीशरावांनी सांगितलं. करुणाताईंनी वाटाणे बाजूला ठेवले. "आणि तुम्हाला वाटलं, ओळखणार नाहीत? भीमेकाठी मोठी जंक्शनं किती आहेत?" त्यांनी मोजायला एक बोट धरलं आणि तिथंच थांबल्या.

सम्राट कंपनीतून आला. त्याला तेजश्रीचा आधीच फोन येऊन गेला होता. तो बूट न काढता दारात उभा राहिला.

"काका, सुषमा कोण?"

"एकतिसावा भाग," सतीशराव पुटपुटले.

सम्राटनं आयुष्यात पहिल्यांदा काकांची कादंबरी वाचली. एका बैठकीत, बुटांसकट. मग फोन उलटा ठेवून म्हणाला, "मी इतका रडतो कुठं, काका? दर भागात रडतोय हा. अठराव्या भागात तर पेट्रोल भरताना रडलाय."

"बायकांना रडणारे पुरुष आवडतात."

"मला नाही आवडत," करुणाताई म्हणाल्या.

"पुस्तकात गं!"

"काका," सम्राट शांतपणे म्हणाला, "ती गोष्ट माझी होती. विचारायचं तरी." एवढं बोलून तो न जेवता वर गेला. सात कादंबऱ्यांत इतकं साधं वाक्य आपल्याला सुचलं नव्हतं, हे सतीशरावांच्या लक्षात आलं. आपण हे वाक्यसुद्धा वापरायचा विचार करतोय, हेही लक्षात आलं आणि त्यांनी दोन वाटाणे उगाचच सोलले.

रविवारी नवरा-बायको दौंडला गेले. सुपारी फोडायला नाही, सुषमाचं मिटवायला.

ओहोळांच्या बैठकीत सरूबाई मध्यभागी बसल्या होत्या, चष्मा लावून, मांडीवर फोन घेऊन. मारुतराव खिडकीशी बसून बाहेर बघत होते. सरूबाईंनी प्रत्येक भाग तीन-तीनदा वाचला होता. लेखकाला असा वाचक मिळावा म्हणून लोक आयुष्य घालवतात. सतीशरावांना तो मिळाला होता आणि त्यांना तहान लागली होती.

"ती पोरगी अजून बसती का चिंचेखाली?" सरूबाईंनी विचारलं.

"अहो वहिनी, अशी मुलगीच नाही. मी रचली तिला."

"रचली? आन् सुया टोचल्या त्या?"

"त्या खऱ्या."

"क्यांप?"

"खरा."

"निळी गाडी, आमच्या पोरीचा रुमाल?"

"ते... खरं."

"म्हंजी पोरीचा रुमाल खरा, पोराची गाडी खरी, आन् त्या दोघांच्या मधी आलेली बाई तेवढी खोटी! आवो, खोटं लिवायचं तर माणूस गाडीचा रंग तरी बदलंल का न्हाई?" त्यांनी फोन पुढे केला. "आन् वर ह्ये काय लिवलंय? वाचा. मोठ्यानं वाचा."

"एका सत्य घटनेवर आधारित," सतीशरावांनी वाचलं. चौकटीतलं आपलं मत त्यांना आठवलं. त्यांनी मान खाली घातली.

चहा घेऊन तेजश्री आली. "काका, मला एक सांगा," ती कप ठेवत म्हणाली, "ती राजश्री सारखी खाली मान घालून गप्प का असते हो? मी दिवसाला साठ माणसांना सुया टोचते. गप्प राहून भागतंय का? दोन गडी तर सुई बघूनच आडवे होत्यात!"

"वाचकांना सोशिक नायिका लागते," सतीशराव म्हणाले.

"मग त्यांनाच करून घ्या सून," करुणाताई चहाकडे बघत म्हणाल्या.

"मला सम्राट माहीत आहे आई," तेजश्री म्हणाली. "सुषमाबिषमा काय नाही."

"तू गप. तुला काय, तू त्या राजश्रीवानी भोळी." सरूबाईंनी निर्णय दिला. "पावणं, त्वांडी नगं. बाँडवर लिहून द्या, सुषमा न्हाई म्हणून. वकिलाचा शिक्का मारून."

दौंडला कचेरीच्या आवारात झाडाखाली टायपिस्ट बसतात. सोमवारी रजा टाकून सतीशराव त्यांच्यातल्या एका वयस्क इसमासमोर बसले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि विचारलं, "बाई मयत हायेत?"

"नाही."

"बेपत्ता?"

"नाही हो."

"सोडचिठ्ठी?"

"मुळात झालेलीच नाही!"

"लग्न झालेलं न्हाई?"

"बाई झालेली नाही!"

टायपिस्टनं कॉम्प्युटरातले नमुने खालीवर केले. मेलेल्या माणसाचा नमुना होता, हरवलेल्याचा होता, दोन नावं असलेल्या एकाच माणसाचाही होता. कधीच नसलेल्या माणसाचा नव्हता. शेवटी त्यानं रेशनकार्डातून नाव कमी करायचा नमुना काढला आणि त्यात बदल केले. "सुषमाचं आधार द्या," तो सवयीनं म्हणाला, आणि सतीशरावांच्या तोंडाकडे बघून, "राह्यलं," म्हणाला.

तयार झालेलं प्रतिज्ञापत्र असं होतं : 'मी, सतीश भिमाजी भालेराव, वय ५१, धंदा नोकरी व प्रेमकथा, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर सुषमा ही मयत नसून, बेपत्ता नसून, विभक्तही नसून, ती पूर्वीपासूनच नाही. तिचा माझ्या पुतण्याशी कोणताही संबंध नव्हता, नाही व पुढेही राहणार नाही. सदर कादंबरीतील सर्व मजकूर खोटा असून तो मी शुद्धीत असताना लिहिला आहे.'

शेवटच्या वाक्यावर सतीशराव अडले. "सर्व नको. काही मजकूर म्हणा."

"काही म्हटलं की कंचा ते लिहावं लागंल. भाग किती हायेत?"

"त्रेचाळीस."

"मग सर्वच बरं," टायपिस्ट म्हणाला. नोटरी वकिलांनी न वाचता शिक्का मारला. सतीशरावांच्या साहित्यावर आजवर झालेली ती सर्वांत जलद प्रतिक्रिया.

सरूबाईंचं समाधान झालं. इतकं झालं की त्यांनी बाँडचा फोटो काढला आणि कादंबरीच्या ताज्या भागाखाली टाकला, बाकीच्या बायांच्याही जिवाचा घोर मिटावा म्हणून.

बाकीच्या बायांच्या जिवाचा घोर मिटला नाही. पहिली प्रतिक्रिया अर्ध्या तासात आली : 'सुषमा नाहीच? मग आम्ही कुणासाठी रडलो?' दुसरी बारामतीच्या बाईंची. त्यांनी बाँड बारकाईनं वाचला होता. 'नसलेल्या बाईसाठी कुणी बाँड करतं का? लेखकावर दबाव आहे. सुषमाचा आवाज दाबला जातोय.' संध्याकाळपर्यंत बाराशे जणींना हे पटलं. सुषमाला न्याय मिळालाच पाहिजे, असं प्रत्येकीनं स्वतंत्रपणे लिहिलं. दोघी-तिघींनी निमोण्याला चिंचा किती आहेत, याची चौकशी सुरू केली. शुभ सकाळवाल्यानंही पहिल्यांदाच फुलाऐवजी मेणबत्ती टाकली.

बुधवारी पुन्हा फोन. या वेळी सरूबाईच होत्या.

"पावणं, बाया म्हणत्यात त्यात बी तथ्य हाय. नसतीच, तर तुम्ही इतक्या घाईनं बाँड केला असता का?"

"अहो, तुम्हीच सांगितलंत म्हणून केला!"

"आमी सांगू. ज्याच्या मनात काय न्हाई तो म्हणंल, कशाला करू?"

 सतीशराव निमोण्याला गेले आणि गावात सुषमा नावाची अशी मुलगी राहत नसल्याचा दाखला मिळेल का, म्हणून चौकशी केली. राहत असल्याचा दाखला मिळतो, असं त्यांना सौजन्यानं सांगण्यात आलं. ज्ञानदेव बांधावर बसून सगळं ऐकत होते. ते कमी बोलत. "सतीश," ते म्हणाले, "आपल्या सात पिढ्यांत कुणाला लिवायचा नाद नव्हता," आणि उठून मोटर बंद करायला गेले.

रात्रभर विचार करून सतीशरावांनी शेवटचा उपाय शोधला. बाई कागदावर जन्मली होती, ती कागदावरच मिटवायची. मारायला हात सरावलेला होता. पण सुषमा मेली तर सरूबाई म्हणणार, पोरीचा तळतळाट घेऊन आमची लेक नांदायची का? तेव्हा चव्वेचाळिसाव्या भागात सुषमा चिंचेखालून उठली. पाबळच्या एका सज्जन, पोक्त शिक्षकाचं स्थळ तिला सांगून आलं. तिनं हसतमुखानं होकार दिला. पृथ्वीराजबद्दल तिच्या मनात कसलाही राग उरला नव्हता, हे त्यांनी चार वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलं. मग शीर्षकाखालचे ते चार शब्द खोडले आणि भाग टाकून दिला.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या कथेत कुणी सुखानं संसाराला लागलं होतं. आणि वाचक पेटले! 'विकलेला लेखक.' 'आमची सुषमा अशी नव्हतीच.' 'पाबळच्या मास्तरला सुषमा मिळते आणि आम्ही काय घोडं मारलं?' हे शेवटचं एका मास्तरनं लिहिलं होतं. शुक्रवारी वाचक दोन हजार उरले, मंगळवारी नव्वद. प्रेमात वाचकाला काय हवं असतं, हे सतीशरावांना तेव्हा कुठे नीट उमगलं. त्याला कुणीतरी कायमचं चिंचेखाली बसलेलं हवं असतं, आणि ते आपण नसलो पाहिजे.

तरी त्यांना पश्चात्ताप नव्हता. चार हजार लोक गेले, पण सम्राटचं काम झालं, असं मनाला समजावत ते पुढच्या रविवारी दौंडला निघाले. या वेळी सम्राट बरोबर होता. धुतलेली निळी गाडी घरी ठेवून तो काका-काकूंबरोबर एसटीनं आला. संबंध वाटेत तो काकांशी दोनदा बोलला. एकदा म्हणाला, "खिडकी लावा," आणि न्हावरा गाव गेल्यावर म्हणाला, "राहू द्या."

सरूबाई दारातच भेटल्या. चेहरा फुललेला.

"बरं केलंत पावणं! सुखाला लागली पोर. लग्नात शालू कंचा नेसली ते न्हाई लिवलं?"

"हिरवा," सतीशराव म्हणाले. त्यांना आता कशाचंच काही वाटत नव्हतं.

"वाटलंच मला. मास्तर माणूस बरा असतो. चला, बसा. तेजू, पोहे टाक."

तेजश्री मात्र पोहे टाकायला गेली नाही. ती दारात सम्राटसमोर उभी राहिली. "शीर सापडली का कुणाला?" त्यानं हळूच विचारलं. ती हसली, पण डोळे सुजलेले होते. करुणाताईंनी ते पाहिलं आणि सतीशरावांचा दंड धरला.

खिडकीशी बसलेले मारुतराव उठले. "पावणं, जरा भाईर या," ते म्हणाले. दोघं अंगणात गेले. पलीकडच्या रुळांवर एक मालगाडी उभी होती. मारुतरावांनी जुन्या सवयीनं तिचे डबे मोजून घेतले.

"तुम्हाला लय हेलपाटं पडलं," ते म्हणाले. "रजा गेल्या. बाँड झाला. मला कसंनुसं व्हतंय."

"छे, छे. गैरसमज मिटला ना, मग झालं. आता तारीख धरू."

मारुतरावांनी डबे पुन्हा एकदा मोजले.

"त्या सुषमाचं हिच्या मनात व्हतं. माझ्या न्हाई. मला कळतंय की, गोष्ट हाय ती. पर मला बी सबब पायजे व्हती. तुम्ही शिकलेली माणसं, त्वांडावर कसं म्हणायचं?"

"काय म्हणायचं?"

"पोरगं गुणाचं हाय. आमची तेजू म्हणती, मी थांबते. आरं, पर कवापतूर?" मालगाडीला धक्का बसला आणि ती पुढे सरकायला लागली. "मी तुम्हाला पयला फोन करायच्या आदीच सम्राटच्या कंपनीच्या गेटवर जाऊन चौकशी केली व्हती, पावणं."

सम्राटचं कंत्राट अकरा महिन्यांचं होतं. दहावा चालू होता.